प्रश्नोत्तरे : सॅक्सोफोनचा स्वर

प्रश्न : आल्टो सॅक्सोफोनवर बोटं नीट चालतात, पण स्वर पातळ आणि चिरका येतो. रोज लांब स्वर धरूनही फरक नाही. महागडा माउथपीस (तोंडात धरायचा भाग) घ्यावा का?

आत्ता तरी नको. जबडा रीडला (माउथपीसवरच्या थरथरणाऱ्या पातळ पट्टीला) चावतो आहे, अशी दाट शंका येते. माउथपीस नेकवरून (वाद्याच्या वरच्या वाकड्या नळीवरून) काढा आणि नुसता तोच मध्यम जोराने फुंका. ट्यूनरवर (स्वराची उंची दाखवणाऱ्या यंत्रावर) ए हा पाश्चात्त्य स्वर, म्हणजे ८८० हर्ट्‌झच्या आसपास स्वर दिसायला हवा. बी किंवा सी दिसला, तर खालून दाब जास्त पडतो आहे. रीडला थरथरायला जागाच उरत नाही. स्वर बारीक होतो आणि चढतो. वरचे दात माउथपीसवर टेकवा, खालचा ओठ दातांवर उशीसारखा घ्या, तोंडाचे कोपरे आत ओढा. ए स्थिर येईपर्यंत रोज दोन-तीन मिनिटं हेच करा.

लांब स्वर नुसते धरून भागत नाही. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा. मधला जी अगदी हळू सुरू करून आठ ठोक्यांत मोठा करा, पुढच्या आठात विरवा. सॅक्सोफोनचा स्वर मोठा होताना उतरतो, लहान होताना चढतो. ट्यूनरचा काटा हलू न देणं हाच खरा व्यायाम. मग अर्ध्या-अर्ध्या स्वराने खालच्या बी फ्लॅटपर्यंत उतरा.

सगळ्यात जास्त फायदा ओव्हरटोनचा (बोटं न बदलता काढलेल्या वरच्या स्वरांचा), आणि कंटाळाही त्याचाच. बोटं खालच्या बी फ्लॅटवर ठेवा, ऑक्टेव्ह की (वरच्या सप्तकाची कळ) दाबू नका आणि त्याच बोटांवर वरचा बी फ्लॅट, मग एफ, मग आणखी वरचा बी फ्लॅट काढा. जमत नसेल तर वरचा बी फ्लॅट नेहमीच्या बोटांनी वाजवा आणि जीभ-घसा तसाच ठेवून फक्त बोटं बदला. ओठ आवळून वर जाऊ पाहिलंत तर किंचाळीच निघेल. एफ आला की तोच नेहमीच्या बोटांनी वाजवा. दोन्हींचा पोत जुळेपर्यंत आलटून-पालटून करा. दहा मिनिटं पुरेत, ओठ थकल्यावर पुन्हा चावणं सुरू होतं.

प्रश्न : खालचे सी, बी, बी फ्लॅट गुरगुरतात किंवा एकदम वरच्या सप्तकात उडी मारतात. सरावाने जाईल का?

आधी वाद्य तपासा. अंधारात नळीत बारीक दिवा सोडून कळा हलक्या हाताने मिटा. पॅडच्या (कळेखालच्या गादीच्या) कडेने उजेड दिसला तर तिथून हवा गळते. जी शार्पचं पॅड नेहमीचं संशयित. कळा जोरात दाबल्यावरच स्वर येत असेल तर दोष तुमचा नाही. माउथपीस नेकवर फार बाहेर असला तरीही हेच होतं.

प्रश्न : जाड रीडने स्वर भरदार होतो का?

आपोआप नाही. जाड रीडवर हवेची खरखर मिसळत असेल तर अर्धा क्रमांक खाली, म्हणजे थोड्या पातळ रीडवर, या.