अनोळखी नावाचं युफोनियम पारखताना
युफोनियम म्हणजे ट्यूबासारखं, पण लहान पितळी फुंकवाद्य. त्याच्या बेलवर, म्हणजे रुंद तोंडावर, कोरलेल्या नावावर जाऊ नका. स्वस्तातली बरीच युफोनियम एकाच कारखान्यातून निघतात, शिक्का विकणाऱ्याचा. फोटोत बघायचं ते व्हॉल्व्हच्या (हवेची वाट बदलणाऱ्या कळांच्या) मागे. तीन व्हॉल्व्ह वर आणि चौथा बाजूला, एवढ्यानं वाद्य कॉम्पेन्सेटिंग, म्हणजे खालचे सूर आपोआप नीट ठेवणारं, ठरत नाही. पहिल्या तिन्ही व्हॉल्व्हना मागच्या बाजूनं नळीचे छोटे जादा वळसे हवेत. चौथा दाबला की हवा त्यांतून पुन्हा फिरते आणि खालचे सूर चढत नाहीत. डेव्हिड ब्लेकलीची ही युक्ती 1874ची, त्यामुळे कुणी ‘नवं तंत्रज्ञान’ म्हणून भाव चढवला तर हसून सोडून द्या.

हातात आल्यावर चारही व्हॉल्व्ह दाबून पेडल बी फ्लॅटच्या (व्हॉल्व्ह न दाबता निघणाऱ्या सर्वांत खालच्या सुराच्या) लगेच वरचा बी नॅचरल वाजवा. साध्या चार व्हॉल्व्हच्या वाद्यावर तिथे सी च्या आसपासचा सूर निघतो, कॉम्पेन्सेटिंगवर मात्र बी नीट लागायला हवा. मग ट्यूनर लावून वरचे ई फ्लॅट, ई आणि एफ तपासा. हे थोडे चढतातच, महागड्या वाद्यांवरही. ओठांनी उतरवता येत असतील तर मी चालवून घेईन. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड, म्हणजे सरकणारी नळी, ओढली की ‘फट्’ आवाज यावा. नाहीच आला तर हवा गळतेय. माउथपीसची शँक, म्हणजे वाद्यात बसणारा दांडा, मोठी लागते की मध्यम, ते आधीच विचारून घ्या.