तेल-तूप बंद केलं तरी ट्रायग्लिसराइड का वाढलं?

वय २४, निपाणीत बैठी नोकरी, अंगानं बारीक. तीन महिने तेल, तूप, अंडी सगळं बंद, तरी ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २१० आणि उपाशीपोटीची साखर १०६. चुकतंय कुठं, असं तुम्ही विचारलंय.

आधी भाताकडं बघा. मी खानापूर तालुक्यातला. आमच्याकडं पाऊस मोठा, पीक भाताचं, त्यामुळं दोन्ही वेळा भातच. २६व्या वर्षी बेळगावात उद्यमबागेत कामाला लागलो, दिवसभर कॉम्प्युटरसमोर. सकाळी पोहे, अकराला दोन चमचे साखरेचा चहा आणि टोस्ट, दुपारी डब्यात दाबून भरलेला भात आणि पातळ आमटी, संध्याकाळी चुरमुरे. तेल नावाला. तरी ट्रायग्लिसराइड २४८ आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३४ आलं. रिपोर्ट हातात घेऊन मी बराच वेळ तसाच बसलो होतो.

भात, पोहे, चुरमुरे, मैदा, सगळ्यांचं पोटात ग्लुकोज होतं. काही लगेच वापरलं जातं, काही यकृतात आणि स्नायूंत साठतं. बसून राहणाऱ्याचा हा साठा फारसा रिकामा होतच नाही. मग वरच्या साखरेची यकृत चरबी करतं आणि रक्तात सोडतं. तेच ट्रायग्लिसराइड. ते वाढलं की एचडीएल घसरतं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, बरेचदा ठीक दिसतं, म्हणून 'कोलेस्टेरॉल नॉर्मल' ऐकून आपण निर्धास्त राहतो. बारीक असण्यावरही जाऊ नका, कंबर मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर गेली तर ती पोटातली चरबी समजा.

मी भात सोडला नाही, आईच्या हातचा भात सोडणं जमलंही नसतं. ताटातला क्रम बदलला. आधी काकडी-कांदा आणि हुलग्याची किंवा मटकीची उसळ वाटीभर, मग एक वाटी भात. पोटात आधी डाळ-भाजी असली की साखर सावकाश चढते. रात्री अथणी-सौंदत्तीकडं खातात तशी ज्वारीची भाकरी, पण दोनच; तीही शेवटी पिठाचीच, चार खाल्ल्या तर भातात आणि तिच्यात फारसा फरक उरत नाही. जेवून पंधरा मिनिटं चालायचं. चहातली साखर मात्र पूर्ण बंद केली, कुंदा, ही आमची बेळगावी मिठाई, फक्त सणाला. चार महिन्यांत ट्रायग्लिसराइड १५२ वर आलं. एचडीएल सावकाश चढतंय, अजून ३९.

तुमची १०६ साखर १०० ते १२५ च्या पट्ट्यात येते, म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करून घ्या, ५.७ ते ६.४ आली तर तीच पायरी. ट्रायग्लिसराइड आणि उपाशीपोटीची साखर तपासण्याआधी १० ते १२ तास काही खाऊ नका. थायरॉईड आणि दारू यांनीही ट्रायग्लिसराइड वाढतं, ते डॉक्टरांना लपवू नका. ट्रायग्लिसराइडचा आकडा कधी ५०० च्या वर दिसला तर लगेच डॉक्टरांकडं जा, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

आणि एलडीएल ठीक असेल तर डॉक्टरांना विचारून अंडी परत सुरू करा. पोह्यांच्या जागी सकाळी दोन उकडलेली.