पी-टाऊ २१७, १८१ की अमायलॉइड? वडिलांची रक्ततपासणी निवडण्याआधी

यावलच्या दादांचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ७२ वर्षांचे, केळीच्या घडांचा हिशेब आयुष्यभर तोंडपाठ ठेवणारे. गेल्या दीड वर्षापासून तेच ते विचारतात आणि दोनदा शेतातून घरी येताना वाट चुकले. शुगर आहे, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा आकडा) १.८ आहे. पुण्याच्या भाच्याने अल्झायमर या विसरण्याच्या आजारासाठीच्या तीन रक्ततपासण्यांचे दर पाठवलेत: अमायलॉइड ४२/४०, पी-टाऊ १८१ आणि पी-टाऊ २१७. यातली कोणती करावी, आणि स्वतः ४४ वर्षांचे असताना आपलीही करून घ्यावी का?

दादा, मी जळगावात २४ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं आणि माझ्या सासऱ्यांना, आबांना, हाच आजार होता. त्यामुळे उत्तर आधी देते आणि कारणं मागून सांगते. एकच करायची तर पी-टाऊ २१७. तुमची स्वतःची करू नका. आणि वडिलांचीही लगेच नको, आधी साध्या तपासण्या उरकू द्या.

या तपासण्या नेमकं काय मोजतात ते समजलं की निवड सोपी होते. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची पुटं साठतात आणि पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते होतात. अमायलॉइडचा ४२ हा प्रकार पुटांमध्ये अडकून पडतो, म्हणून तो बाहेर कमी सापडतो आणि ४२ भागिले ४० हे गुणोत्तर खाली येतं. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात ही घट ठळक दिसते, निम्म्याच्या आसपास. रक्तात मात्र ती फार तर ८ ते १५ टक्के असते, कारण अमायलॉइड फक्त मेंदूत तयार होत नाही. रक्तातल्या प्लेटलेट्स आणि शरीराचे इतर भागही ते बनवतात. इतक्या बारीक फरकावर निकाल द्यायचा म्हणजे मशीन थोडं हललं, सॅम्पल थोडं रखडलं, तरी माणूस या बाजूचा त्या बाजूला जातो.

पी-टाऊचं तसं नाही. १८१ आणि २१७ हे आकडे म्हणजे टाऊच्या साखळीतल्या ज्या जागी फॉस्फेट चिकटलं त्या जागेचा क्रमांक. मेंदूत अमायलॉइड साठू लागलं की २१७ ची पातळी रक्तात दुपटीच्याही वर जाऊ शकते. १८१ सुद्धा वाढतं, पण बरंच कमी. दुप्पट झालेली गोष्ट ओळखणं आणि दहा टक्क्यांनी घटलेली गोष्ट ओळखणं यात किती अंतर आहे, हे वजनकाट्यावर माल मोजणाऱ्या घरात सांगायला नको. अमेरिकेत २०२४ साली सहा वेगवेगळ्या कंपन्यांच्या तपासण्या एकाच गटातल्या लोकांच्या रक्तावर करून पाहिल्या. त्यातही २१७ मोजणाऱ्या तपासण्याच पुढे राहिल्या. त्याच वर्षी स्वीडनमध्ये १२१३ रुग्णांवर अभ्यास झाला. नेहमीच्या पद्धतीने तपासून साध्या डॉक्टरांचं निदान ६१ टक्के आणि स्मृतिविकारतज्ज्ञांचं ७३ टक्के वेळा बरोबर आलं, तर २१७ आणि अमायलॉइड मिळून केलेल्या रक्ततपासणीचं सुमारे ९० टक्के वेळा.

१८१ वाया गेलेली तपासणी मात्र नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-तपासण्यांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने) रोश कंपनीच्या एलेक्सिस पी-टाऊ १८१ ला फॅमिली डॉक्टरकडे वापरायला मान्यता दिली, ती मुख्यतः ‘अमायलॉइड असण्याची शक्यता कमी’ हे सांगण्यासाठी. म्हणजे १८१ ‘नाही’ म्हणाली तर बऱ्यापैकी निश्चिंत व्हावं, ‘आहे’ म्हणाली तर पुढे जावं लागतं. त्याआधी मे २०२५ मध्ये फुजिरेबिओ कंपनीच्या लुमिपल्स या तपासणीला मान्यता मिळाली होती. ती २१७ ला अमायलॉइड ४२ ने भागते. ४९९ जणांच्या रक्तावर पाहिलं तेव्हा पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ९१.७ टक्के लोकांच्या मेंदूत पेट स्कॅन किंवा पाठीच्या पाण्यातून अमायलॉइड खरंच सापडलं, निगेटिव्ह आलेल्यांपैकी ९७.३ टक्के लोकांत ते नव्हतं. पण पाचात जवळजवळ एक जण मधल्या पट्ट्यात अडकला, ना इकडे ना तिकडे. चांगल्या लॅबच्या रिपोर्टवर हा मधला पट्टा छापलेला असतो. फक्त ‘नॉर्मल’ आणि ‘ॲबनॉर्मल’ अशा दोनच ओळी असतील तर मी तरी त्या लॅबला प्रश्न विचारेन. आणि एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी ताडू नका, एककं आणि सीमा वेगळ्या असतात.

आता तुमच्या घरची खास अडचण, क्रिएटिनिन १.८. किडनी मंदावली की पी-टाऊ रक्तातून बाहेर पडायला उशीर लागतो आणि मेंदूत काही नसतानाही आकडा चढतो. शुगरच्या पेशंटमध्ये हे वारंवार दिसणार. काही तपासण्या फॉस्फेट लागलेलं २१७ आणि न लागलेलं २१७ यांचं प्रमाण काढतात. किडनीमुळे दोन्ही वाढतात, त्यामुळे बराचसा घोळ आपोआप वजा होतो. तुमच्यासाठी अशी प्रमाण काढणारी तपासणी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर निदान सॅम्पलच्या फॉर्मवर क्रिएटिनिन आणि चालू गोळ्या लिहा. हृदयासाठी सॅक्युबिट्रिल असलेली गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा, ती अमायलॉइडचे आकडे बदलते. भाच्याने पाठवलेल्या पॅकेजात एनएफएल (नसांमधल्या एका प्रथिनाची तपासणी) असेल तर त्यावर पैसे घालू नका. ते कुठल्याही नसेच्या इजेने वाढतं, शुगरमुळे नसा बिघडून पायांना मुंग्या येतात तेव्हाही.

आणि सॅम्पलचा प्रवास! यावर कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. रक्त जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घ्यायचं, लवकरात लवकर सेंट्रिफ्यूजमध्ये (जोरात फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वेगळा करायचा, लॅब सांगेल त्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून गोठवायचा. अमायलॉइड उष्णतेत घटतं आणि चुकीच्या प्लास्टिकला चिकटून बसतं, टाऊ त्यामानाने टिकाऊ. म्हणजे २१७ भागिले अमायलॉइड असा हिशेब असेल आणि ट्यूब उन्हात राहिली, तर छेद लहान होतो आणि गुणोत्तर उगाचच वर जातं. जिथे आजार नाही तिथे आजार दिसतो. आबांचं सॅम्पल आम्ही मे महिन्यात दिलं होतं. बाहेर पारा ४४ वर. संध्याकाळी मी कलेक्शन सेंटरला फोन केला तेव्हा कळलं की सकाळची ट्यूब अजून फिरवलेलीच नाही, कुरिअरची वाट बघत टेबलावर आहे. ते सॅम्पल मी रद्द करायला लावलं. रावेरची केळी दिल्लीला पाठवताना आपण किती जपतो, आणि बापाचं रक्त टेबलावर! दुसऱ्यांदा आम्ही मोठ्या लॅबच्या मुख्य शाखेत जाऊन समोर फिरवून घेतलं. तुम्हीही विचारा: इथे सेंट्रिफ्यूज आहे का, किती वेळात फिरवता, ड्राय आइसमध्ये पाठवता का. उत्तर देताना समोरचा चाचरला तर उठून या.

वडिलांचीही लगेच नको असं का म्हटलं? कारण ही तपासणी ‘मेंदूत अमायलॉइड आहे का’ एवढंच सांगते, ‘वडील का विसरतात’ हे सांगत नाही. सत्तरीनंतर विसरण्याचा काहीही त्रास नसलेल्या कितीतरी लोकांच्या मेंदूतही अमायलॉइड असतं. त्यामुळे आधी बी-१२, थायरॉइड, सोडियम, शुगर किती खाली-वर होते ते, कानाला नीट ऐकू येतं का, झोपेची गोळी कुणी चालू केली आहे का, आणि डोक्याचा एमआरआय. केळीच्या बागेत पाय घसरून डोकं आपटलं आणि महिन्याभराने माणूस बावरल्यासारखा झाला, तर कवटीखाली साचलेलं रक्तही कारण असू शकतं, आणि ते काढता येतं. आबांचं बी-१२ फार कमी निघालं. इंजेक्शनांनी पायातली आग गेली, चालणं सुधारलं, विसरणं मात्र तसंच राहिलं. तेव्हाच आम्ही २१७ कडे गेलो.

स्मरणशक्तीची चाचणी घेताना डॉक्टरांना सांगा की वडिलांची घरची बोली अहिराणी आहे आणि शाळा किती झाली. आबांना एकाने शुद्ध मराठीत तारीख, महिना, शंभरातून सात वजा असं विचारलं. ते गप्प. मग दुसऱ्या डॉक्टरांनी कपाशीचा भाव आणि पोळा कधी येतो ते विचारलं, तेव्हा खरी अडचण कुठे आहे ती दिसली.

तुमच्या स्वतःच्या तपासणीचं गणित असं. समजा तपासणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के बरोबर आहे. विसरण्याचा त्रास असलेल्या १०० जणांपैकी ६० जणांत खरंच अमायलॉइड असेल, तर ५४ बरोबर पकडले जातील आणि ४ जण चुकून पॉझिटिव्ह येतील. पण काहीच त्रास नसलेल्या शंभरात जर १० जणांतच ते असेल, तर ९ बरोबर आणि ९ चुकून. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यातला निम्मा माणूस विनाकारण झोप घालवणार. मान्यताही लक्षणं असलेल्या, ५५ च्या पुढच्या लोकांसाठी आहे. तुम्ही बीपी आणि शुगर सांभाळा, ते मेंदूसाठी आज करण्यासारखं आहे.

वडिलांचं २१७ पॉझिटिव्ह आलं तर काय, हेही आत्ताच घरात बोलून ठेवा. डोनेपेझिलसारखी गोळी काही काळ थोडा आधार देते. लेकानेमॅब, डोनानेमॅब ही अमायलॉइड काढणारी औषधं फक्त सुरुवातीच्या टप्प्यात, सहसा सलाइनमधून, वारंवार एमआरआय करत द्यावी लागतात, कारण मेंदूला सूज येण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका असतो. आमच्याकडे ती दिली नाहीत. तरी रिपोर्टने एक मोठं काम केलं. सासूबाई दोन वर्षं म्हणत होत्या की हा माणूस मुद्दाम छळतो, जेवून उठला की पुन्हा ताट मागतो. रिपोर्ट त्यांना समजावून सांगितला, त्या दिवसापासून त्या ताटात दोन घास वाढून द्यायला लागल्या.

न्यूरोलॉजिस्टकडे जाताना आईंनाही सोबत न्या आणि त्यांना वडिलांसमोर न बोलता वेगळं बोलू द्या. पहिली चूक कधी झाली, पैशात की वाटेत की नावात, ते त्यांनाच माहीत असतं. बी-१२ आणि सोडियमचे आकडे आले की कळवा, मी बघते.