वाचकांचे प्रश्न : ‘सोडायची आहे’ असे म्हणणाऱ्याच्या मनात काय असते?

प्रश्न : माझे पती ४४ वर्षांचे असून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाळीने कामाला जातात. दिवसाला दहा-बारा सिगारेटी ओढतात. गेल्या पाच वर्षांत त्यांनी तीनदा सोडली आणि तिन्ही वेळा पुन्हा सुरू केली. आता विषय काढला, की ‘सोडायचीच आहे’ एवढे म्हणतात आणि ते तिथेच राहते. ज्याला मनापासून सोडायची असते तो सोडतोच, असे सासरे म्हणतात. यांच्या मनातच नाही, असे मी समजावे का?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : तसे समजू नये. तीन वेळा सोडून पाहिल्याचे आपण अपयश म्हणून कळवले आहे, परंतु मला आपल्या पत्रातील तीच सर्वांत आशादायक गोष्ट वाटते. ज्याने पूर्वी, आणि त्यातही नजीकच्या काळात, सोडण्याचा प्रयत्न केलेला असतो, त्याचा पुन्हा सोडण्याचा मानस इतरांपेक्षा अधिक बळकट असतो, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत वारंवार आढळले आहे.

आपल्या सासऱ्यांच्या म्हणण्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. मानस असला म्हणजे माणूस प्रयत्नाला लागतो, इथपर्यंत ते खरे आहे. मात्र तो प्रयत्न टिकतो की नाही, हे पुष्कळ अंशी शरीर निकोटिनच्या किती आधीन झाले आहे यावर ठरते. भारतात २०१६-१७ मध्ये झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोक सोडण्याचा विचार किंवा बेत करत होते, तर आधीच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष प्रयत्न केलेले ३८.५ टक्के होते. म्हणजे आपल्या पतींसारखी माणसे अपवाद नाहीत. सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट ते किती वेळाने ओढतात, हे एकदा पाहावे. रक्तातील निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, त्यामुळे रात्रभराच्या खंडानंतर ज्याला अर्ध्या तासाच्या आत तलफ येते, त्याच्या शरीराची ओढ मोठी आहे असे मानतात. अशा माणसाला नुसत्या निश्चयावर सोडून देणे मला अन्यायाचे वाटते. त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचे च्युइंगम, पट्टी किंवा औषध घ्यावे.

मानस पक्का करणाऱ्या गोष्टींत प्रकृतीची काळजी पहिली येते. पण ती स्वतःच्या अनुभवातली असावी लागते. ‘पुढे कधीतरी कर्करोग होईल’ या भीतीपेक्षा जिना चढताना लागलेला दम माणसाला लवकर हलवतो. अशा वेळी डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत ‘सोडा’ म्हटले तर त्याचा परिणाम होतो, आणि तरीही त्याच सर्वेक्षणात दवाखान्यात गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी असा सल्ला मिळालेल्यांचे प्रमाण ४८.८ टक्केच होते. पती खोकल्यासाठी दवाखान्यात जातील तेव्हा आपण सोबत जावे आणि सिगारेटचा उल्लेख स्वतःहून करावा.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘मला हे जमेल’ हा विश्वास. तीनदा परत सुरू झालेल्या माणसाचा नेमका हाच विश्वास खचलेला असतो आणि म्हणून तो तारीख ठरवायचे टाळतो. त्यांना मागच्या वेळची आठवण टोमण्याने देऊ नये. त्या वेळी किती दिवस निभावले आणि कोणत्या प्रसंगी पुन्हा ओढली, हे शांतपणे विचारावे. बहुधा उत्तर पाळी सुटल्यावर टपरीवर जमणाऱ्या मंडळींकडे जाईल. ज्याचे सगळे सोबती ओढतात त्याचा मानस कमजोर राहतो, आणि त्यांतला एकजण जरी सोडायला तयार झाला तरी दुसऱ्याला बळ येते. घरात पाहुण्यासह कोणीही ओढायची नाही, हा नियमही उपयोगी ठरतो. किमतीचा परिणाम होतोच, पण सुटी सिगारेट घेणाऱ्याला महिन्याचा खर्च दिसत नाही. सुट्या विक्रीवर महाराष्ट्राने २०२० मध्ये बंदी घातली, त्यामागे हेही एक कारण समजावे. महिन्याचा हिशेब त्यांनाच मांडू द्यावा.

सोडल्यानंतरचा पहिला आठवडा, त्यातही पहिले तीन-चार दिवस, चिडचिड आणि निद्रानाशाचे असतात. तीन-चार आठवड्यांत हा त्रास बराच ओसरतो. त्या दिवसांतले त्यांचे तुटक बोलणे आपण मनाला लावून घेऊ नये.

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे असून सिन्नरजवळ शेती करतात. ‘विडी पानाची असते, ती सिगारेटइतकी बाधत नाही, आणि आता या वयात सोडून काय मिळणार?’ असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांना काय सांगावे?
— एक वाचक, सिन्नर तालुका

उत्तर : धोका कमी वाटला, की सोडण्याचा विचारही कमी होतो. वर उल्लेखलेल्या सर्वेक्षणात पाकिटावरील इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आलेले सिगारेट ओढणारे ६१.९ टक्के होते, तर विडी ओढणारे ५३.८ टक्के. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. विडीत तंबाखू कमी असली तरी टेंभुर्णीचे पान नीट जळत राहत नाही, त्यामुळे ती विझू नये म्हणून झुरके वरचेवर आणि जोराने घ्यावे लागतात, आणि निकोटिन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकेच किंवा त्याहून अधिक छातीत जाते. सिन्नर परिसरात विडी वळण्यावर अनेक घरे चालली आहेत, म्हणून तिच्याविषयी आपलेपणा वाटणे मी समजू शकतो.

वयाच्या प्रश्नाला ब्रिटनमधील पुरुष डॉक्टरांच्या पाहणीने उत्तर दिले आहे. १९५१ मध्ये सुरू होऊन पन्नास वर्षे चाललेल्या या पाहणीत साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांचे आयुर्मान न सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे ३ वर्षांनी, तर चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांचे सुमारे ९ वर्षांनी अधिक आढळले. वडिलांना तीन वर्षांचा आकडा सांगताना ती वर्षे शेतावर चालत-फिरत काढायची की धापा टाकत, हेही विचारावे. त्यांची तयारी दिसली, की तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या १८००-११-२३५६ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर फोन लावून द्यावा आणि बोलायला त्यांनाच बसवावे.