मुदत ९ मार्चपासून नाही, ३ मार्चपासून मोजा

प्रश्न: इंग्लंडमधल्या रेडिंगचं आमचं दुमजली घर भाड्याने देऊन आम्ही पुण्याला परतलो. वरच्या मजल्यावरचा स्मोक अलार्म बंद असल्याचं भाडेकरूने डिसेंबरात व्हॉट्सॲपवर कळवलं होतं. अलार्मची देखभाल त्याने करायची असं करारात आहे, म्हणून मी उत्तर दिलं नाही. आता कौन्सिलची, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेची, नोटीस आली आहे. एजंटकडे ती ३ मार्चला पोहोचली, त्याचा मेल मी ९ तारखेला उघडला. करारातलं कलम दाखवून जबाबदारी भाडेकरूवर टाकता येईल का?

उत्तर: नाही. आणि त्या कलमापायी आता एकही दिवस घालवू नका. इंग्लंडमधलं घर भाड्याने देऊन परतलेल्यांची अशी पत्रं मला नेहमी येतात, आणि बहुतेकांची सगळी भिस्त करारावरच असते. अलार्मबद्दलचे २०१५ चे नियम आणि त्यांत १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झालेली दुरुस्ती, दोन्हींनी जबाबदारी घरमालकावर ठेवली आहे. करारात काहीही लिहिलं तरी ती सुटत नाही. भाडेकरूने बॅटरी स्वतः बदलावी, एवढं सरकारी मार्गदर्शनात आहे. पण तुम्हीच मला पाठवलेल्या त्याच्या मेसेजमध्ये ‘नवी बॅटरी घातली, तरी बंदच’ असं त्याने लिहिलं आहे. तिथून पुढची दुरुस्ती तुमची होती. तीन महिने तुम्ही साधं उत्तरही दिलं नाहीत, आणि त्या मजल्यावर त्याची दोन मुलं झोपतात. याचा मला राग येतो, तो लपवत नाही.

आता तारखेकडे या. नोटिशीत सांगितलेलं काम २८ दिवसांत व्हायला हवं, आणि हे दिवस नोटीस बजावल्यापासून, तो दिवस धरून मोजायचे. तुम्ही ९ मार्च धरून ५ एप्रिलपर्यंत निवांत आहात. ३ मार्च धरला तर शेवटचा दिवस ३० मार्च. एजंटला दिलेली नोटीस तुम्हाला बजावली गेली का, यावर वाद घालता येईल. तो एजंटशी झालेल्या तुमच्या करारावर आणि नोटिशीवरच्या पत्त्यावर अवलंबून आहे. पण त्या वादाच्या भरवशावर थांबू नका. लेखी म्हणणं मांडायलाही तेच २८ दिवस आहेत. ते जरूर मांडा, पण काम थांबवून नाही.

आजच भाडेकरूला फोन करून वेळ ठरवा. राहत्या प्रत्येक मजल्यावर चालू स्थितीतला निदान एक स्मोक अलार्म हवा. स्वयंपाकघरात गॅसचा बॉयलर आहे असं तुम्ही लिहिलंय, तर तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावून घ्या. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हाच बहुतेकांचा राहून जातो. बटण दाबून तपासल्याचे तारखेसह फोटो, बिल, भाडेकरूला पाठवलेले मेसेज, सगळं नोटिशीत नाव असलेल्या अधिकाऱ्याला पाठवा. भाडेकरूने घरात येऊ दिलं नाही, तर वेळ मागितल्याचा प्रत्येक मेसेज जपा. कोर्टात जाणं सोडून बाकीचे सगळे वाजवी प्रयत्न केल्याचं दाखवता आलं, तर मुदत टळली तरी तुम्ही दोषी ठरत नाही.

मुदत टळली तर दंड ५,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. नेमका किती, हे कौन्सिल ठरवतं. त्यावर आधी कौन्सिलकडेच फेरविचार, मग फर्स्ट-टियर ट्रायब्युनल या न्यायाधिकरणात अपील. पुण्यात बसून हे लढणं किती लांबतं ते मी पाहिलं आहे.

भाडेकरू राहायला आला त्याच दिवशी अलार्म तपासल्याची सही केलेली नोंद एजंटकडे असेल, तर आजच मागवा. नसेल, तर कौन्सिलला लिहिताना तो विषय स्वतःहून काढू नका. आधी मला दाखवा.

तुमच्या भावाच्या एडिंबरामधल्या घराबद्दलही तुम्ही विचारलंय. ते या नियमांत येत नाही. स्कॉटलंडचे नियम वेगळे आणि अधिक कडक आहेत, आणि १ फेब्रुवारी २०२२ पासून ते स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकालाही लागू आहेत. त्यांना स्वतंत्र लिहायला सांगा.