बांबूचा खेळमनोरा उभारण्यापूर्वी
बालवाडीच्या अंगणात बांबूचा खेळमनोरा उभारण्याचा आपला बेत चांगला आहे. मात्र आधी जमीन पाहावी. खानदेशातील काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे श्रावणात घट्ट वाटलेला खांब वैशाखात हाताने हलतो, आणि मातीत गाडलेला बांबू वरून शाबूत दिसत असला तरी वाळवीने आतून पोखरलेला असतो आणि स्क्रूड्रायव्हर टोचताच आत शिरतो. (माझा पहिला मनोरा असाच मोडावा लागला.) म्हणून बांबू जमिनीत न गाडता काँक्रीटच्या पायावर, लोखंडी पकडीत उभा करावा. आडव्या दांड्यांमधील फट 9 सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा 23 सेंटिमीटरपेक्षा अधिक असावी. मधल्या मापातून मुलाचे धड निसटते, डोके मात्र अडकते. हाताला बांबूची कूस टोचू नये म्हणून पेरे घासून घ्यावीत. चार फूट उंचीच्या मनोऱ्याखाली किमान नऊ इंच सैल वाळू हवी.