उंबऱ्याच्या अलीकडे

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. न्यूयॉर्कच्या हिब्रू फ्री लोन सोसायटीत, म्हणजे बिनव्याजी कर्ज देणाऱ्या संस्थेत, तुला शिकाऊ म्हणून घेतलं, हे वाचून आनंद झाला. पण शेवटी तू चिडून लिहिलंयस: आधीच अडलेल्या माणसाकडे दोन जामीनदार कसले मागायचे, ही काय मदत झाली? मी 29 वर्षं ठाण्यात पतपेढीत काढली, त्यातली 11 वसुलीला. त्यामुळे उत्तर द्यायचा हक्क मला आहे, आणि थोडी लाजही आहे.

तुमची संस्था 1892 ची. रशियन साम्राज्यातल्या कत्तलींनंतर बोटी भरभरून ज्यू न्यूयॉर्कला उतरत होते आणि लोअर ईस्ट साइडच्या चाळींत कोंबून राहत होते. तिथल्या एका सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, काही जणांनी मिळून 95 डॉलर जमवले. फेरीवाल्याला हातगाडीत भरायला माल हवा होता, शिंप्याला स्वतःचं मशीन हवं होतं, आणि बँक त्यांना पायरीवरही उभी करत नव्हती. म्हणून लहान रक्कम, व्याज शून्य, हप्त्याने फेड, वर कुणाचा तरी जामीन. आपण याला हातउसने म्हणतो. आपलं हातउसनं दोन घरांत सुरू होतं आणि तिथेच संपतं, त्यांनी त्याची संस्था केली, एवढाच फरक. परत आलेला पैसा पुढच्याला द्यायचा. आज ती धर्म न विचारता कर्ज देते आणि 99 टक्क्यांहून जास्त पैसा परत येतो. हा आकडा मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. आमच्या थकबाकीचा आकडा तुला सांगत नाही.

व्याज न घेण्याची आज्ञा ज्यूंच्या धर्मग्रंथातली, तोरातली, हे तुला तिथे पहिल्याच दिवशी सांगितलं असेल. त्याच ग्रंथातली आणखी एक गोष्ट मला आमच्या शाखेच्या एका खातेदाराने सांगितली होती. बेने इस्राएली, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू गृहस्थ, निवृत्त शिक्षक, पासबुक भरायला आले की तासभर बसायचे. ते म्हणाले, कर्ज दिलंस तर गहाण आणायला त्याच्या घरात शिरायचं नाही. बाहेर उभं राहायचं, तो आणून देईल. आणि गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं असेल तर सूर्य मावळायच्या आत परत करायचं, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे दुसरं काही नसतं. मी हसून म्हटलं, सर, असं केलं तर आमची पेढी महिन्यात बंद पडेल.

नंतर दोनेक वर्षांनी मी एका हार करणाऱ्या बाईच्या घरात शिरलो. सहकार कायद्याच्या कलम एकशे एकचा वसुली दाखला हातात होता, सगळं कायदेशीर. स्वयंपाकाची भांडी जप्त करायची नसतात. पितळी हंडा माळ्यावर होता, म्हणून तो स्वयंपाकाचा नाही असं आम्हीच ठरवून टाकलं. खाली काढला तर त्यावर तिच्या आईचं नाव कोरलेलं. पंचनाम्यात मी लिहिलं, ‘पितळी हंडा, 1 नग’. लिलावात दोन हप्त्यांचेही पैसे आले नाहीत.

आता जामीनदाराचं. तिच्या कर्जाला जामीनदार होता, पण कागदावरचा. एजंटने आणलेला. तिने त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. मार्केटमध्ये तिला ओळखणारा एखादा गाळेवाला मध्ये असता, तर त्याने आम्हाला सांगितलं असतं की बाईचा हात भाजलाय, दोन महिने थांबा. तसं सांगायला कुणी नव्हतं, म्हणून आम्ही घरात शिरलो. तुझ्यासमोर जामीनदार येईल, तेव्हा पगाराचा कागद बघच. पण त्याला विचार, अर्जदाराला कधीपासून ओळखता? शेवटचे कधी भेटलात? सासूच्या ऑपरेशनपासून दुकानाच्या भाड्यापर्यंत भडाभडा सांगणारा माणूस मला पगारवाल्यापेक्षा बरा वाटतो. त्याने बोललं की कर्जदाराला स्वतःच्या घरातलं सगळं तुझ्या टेबलावर उलगडावं लागत नाही.

ज्याला असं कुणीच नाही, त्याचं काय, हे तू विचारशीलच. त्याची गरज बहुतेक वेळा कर्जाची नसतेच. हप्ता कुठून येणार, याचा विचार कर. घरातलं दूध बंद करून येणार असेल तर फाइल बंद कर आणि त्याला मेट काउन्सिल या गरिबांना मदत करणाऱ्या संस्थेकडे घेऊन जा. नुसता पत्ता लिहून देऊ नकोस, सोबत जा. ती संस्था 1972 ची. न्यूयॉर्कमध्ये गरीब ज्यू आहेत, म्हातारे, एकटे, भाडं थकलेले, हे तोवर कुणी फारसं मनावरच घेतलं नव्हतं. पेसाखच्या सणाआधी त्यांच्याकडे मात्झा, म्हणजे त्या सणाची बिनखमिराची भाकरी, आणि किराण्याची केवढी लगबग असते, ते एकदा बघून ये. मायमोनिडीस या मध्ययुगीन ज्यू धर्मपंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आणि माणसाला स्वतःच्या पायावर उभं करणारं कर्ज किंवा काम सगळ्यांत वर ठेवलं. कर्ज देणाऱ्यांना हे उद्धृत करायला फार आवडतं, मलाही आवडलं असतं. पण तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या चर्चाग्रंथात, असंही आहे की मदत घ्यायला लाजणाऱ्याला कर्ज म्हणून द्यावं आणि नंतर ते दानच समजावं. आमच्या लेखापरीक्षकाला हे कधी पटलं नसतं.

थंडी फार असेल, कानटोपी घाल. आणि एक नक्की कळव. तुमच्याकडे हप्ता चुकला की पहिला फोन कुणाला जातो, कर्जदाराला की जामीनदाराला? आम्ही दोघांनाही करत नव्हतो, थेट नोटीस टाकायचो.

तुझा,
काका